टेबलाच्या कडेचा आवाज

दुपारी जेवण झालं की खुर्चीतच माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की हटकून हॉल दिसतो. खिडक्यांचे पडदे ओढलेले, पंखे बंद, चार टेबलं एका ओळीत मांडलेली. पडद्यांच्या फटीतून आलेलं ऊन जमिनीवर पडलेलं असतं आणि त्यात धुळीचे कण सावकाश वर-खाली करत असतात. चारही टेबलांवर खेळ चालू असतो. कोण खेळतंय ते दिसत नाही, नुसते पांढरे चेंडू इकडून तिकडे जाताना दिसतात. बायको म्हणते, झोपेत तुम्ही मान डावीकडे-उजवीकडे करता. तीस वर्षं मानेने तेच केलं, तिला तरी दुसरं काय सुचणार?

मी टेबल टेनिसचा पंच होतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून परीक्षानळ्या धुतल्या आणि त्यावर पेन्शन मिळवली. पण कोणी ‘काय करता’ म्हणून विचारलं की तोंडून ‘पंच आहे’ हेच आधी बाहेर पडायचं. समोरचा मला क्रिकेटचा समजून सावरून बसायचा. टेबल टेनिस म्हटल्यावर ‘हां हां, ते होय’ म्हणत पुन्हा चहाकडे वळायचा.

मोठे सामने मीही केले, पण माझा जीव रमायचा तो सरकारी कर्मचाऱ्यांच्या विभागीय स्पर्धेत. दर हिवाळ्यात आमच्या विभागातल्या पाच जिल्ह्यांचे लोक तीन दिवस खेळायला एकत्र यायचे. तलाठी, कारकून, शिपाई, मोठे साहेब, सगळे जिल्ह्याच्या रंगाचे टी-शर्ट घालून, फोटोपुरती पोटं आत ओढून उभे. मैदानावर कबड्डी, रस्सीखेच, धावण्याच्या शर्यती. लाउडस्पीकरवरून कोणाच्या तरी हरवलेल्या बुटांची घोषणा. आणि कोपऱ्यातल्या हॉलमध्ये आम्ही. वाऱ्याने चेंडू हलतो म्हणून पंखे लावायचे नाहीत, उन्हाने डोळे दिपतात म्हणून पडदे उघडायचे नाहीत. बाहेरच्या गोंगाटातून आत आलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. बाहेरचे आवाज दूर जायचे आणि फक्त टक्-टक्, टक्-टक् उरायचं. मला वाटतं मी त्या आवाजासाठीच तिथे जात होतो.

ज्यांनी हा खेळ कधी लक्ष देऊन पाहिला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चेंडू टेबलाच्या वरच्या कडेला निसटता लागला तर तो बरोबर धरतात. त्याला आम्ही ‘एज’ म्हणतो. पण कडेच्या खाली, टेबलाच्या जाडीवर बाजूने आपटला, तर तो चूक. ती ‘साइड’. दोन्हींत अंतर किती, तर नखाएवढं. माझ्याकडची कड मला दिसायची. पलीकडची कड टेबलाच्या आड जाते, म्हणून मोठ्या सामन्यांत तिथे दुसरा पंच बसवतात. आमच्याकडे माणसं कमी, दुसरा पंच कुठला आणायचा? मग मी पलीकडची कड कानाने बघायचो. एजचा आवाज कोरडा आणि उंच, सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा. साइडचा बसका.

खेळाडूंचीही एक रीत असते. चेंडू आपल्याकडच्या कडेला लागून गेला आणि पंचाच्या नजरेतून सुटला, तर ज्याला कळलं तो स्वतःच एक बोट वर करतो आणि समोरच्याला पॉइंट देतो. नियमात कुठे लिहिलेलं नाही, पण जो बोट वर करत नाही त्याच्याबरोबर नंतर कोणी चहा पीत नाही. आणि कोणालाच काही कळलं नाही, तर पंचाने ‘लेट’ म्हणायचं. लेट म्हणजे तो पॉइंट झालाच नाही, पुन्हा खेळा.

माझ्या कानाची तयारी घरातली. वडील गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यात्रेकरूंचे विधी करायचे. आम्ही भावंडं ओसरीवर वेदमंत्रांची संथा म्हणायचो आणि ते आत अंघोळ करत असायचे. एक स्वर घसरला की मोरीतून आवाज यायचा, ‘पुन्हा.’ तोंडावर पाणी घेत असताना त्यांना तो कसा ऐकू यायचा, देव जाणे. मी पौरोहित्यात गेलो नाही याचं त्यांना वाईट वाटलं. ‘एवढा कान घेऊन चेंडू ऐकत बसणार,’ असं ते आईला म्हणाले होते, आणि मी तेच करत बसलो.

माझ्या कानाचं नाव झालं ते एका साहेबांमुळे. साहेब मोठ्या हुद्द्यावरचे, खेळाचे शौकीन, आणि उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर त्यांच्याच कचेरीतले देवरे नावाचे कारकून आले. देवरे खेळायला चांगले, पण त्या दिवशी त्यांचे सगळे फटके जाळीत चालले होते, तेही अगदी मधोमध. मुद्दाम हरणारा माणूस फार नीटनेटका हरतो. गेम संपल्यावर पाणी पिताना मी हळूच विचारलं, ‘हात दुखतोय का?’

‘हात नाय सर,’ देवरे म्हणाले, ‘बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर हाय.’

पुढच्या गेममध्ये साहेबांचा एक फटका पलीकडच्या बाजूला लागून खाली गेला. ‘एज!’ म्हणत साहेब सर्व्हिसला वळलेसुद्धा. मी म्हणालो, ‘साइड, साहेब. पॉइंट देवऱ्यांचा.’

‘तुम्हाला इतक्या लांबून दिसला?’

‘दिसला नाही, ऐकला.’

साहेबांनी देवऱ्यांकडे बघितलं. ‘देवरे, तुमच्या बाजूला होता. खरं सांगा, एज की साइड?’

देवऱ्यांनी घाम पुसला. ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं.’

सगळा हॉल हसला. साहेबही हसले आणि त्यांनी चेंडू देवऱ्यांकडे टाकला. तेवढ्यात बाकावरून एका बाईंचा आवाज आला, ‘कान हाय का काय हा सरांचा!’ तेव्हापासून पाचही जिल्ह्यांत मी ‘कानवाले सर’ झालो. वाद निघाला की लोक माझ्याकडे बघायचे, मी सांगायचो आणि वाद मिटायचा. त्या नावाची मला चटक लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाकावरच्या त्या बाई म्हणजे मंदाकिनी सानप, सिन्नरकडच्या एका कचेरीतल्या लिपिक. त्यांना सगळे मंदाताई म्हणत. त्या तिशीत खेळायला लागल्या, तेही अपघातानेच. कुठल्याशा योजनेत त्यांच्या कचेरीला टेबल टेनिसचं टेबल मिळालं होतं आणि त्यावर रिवाजाप्रमाणे फायलींचे गठ्ठे चढले होते. मंदाताई मधल्या सुट्टीत अर्ध्या टेबलावरचे गठ्ठे खाली उतरवायच्या, उरलेल्या गठ्ठ्यांच्या भिंतीवर चेंडू मारून खेळायच्या आणि सुट्टी संपली की गठ्ठे परत चढवायच्या. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे चेंडू कुठे वळेल याचा भरवसा नसायचा. त्यातून त्यांचा एक वाकडा फटका तयार झाला. टेबलाच्या पार बाहेर जाऊन, बाजूने वळवून आणलेला. शिकलेल्या खेळाडूंना तो समजायचाच नाही.

या फटक्यावर मंदाताई दरवर्षी उपांत्य फेरीत, कधी अंतिम फेरीत यायच्या आणि हरायच्या. हरल्या की माझ्याशी हात मिळवून म्हणायच्या, ‘पुढल्या साली, सर.’ एकेरीचं विजेतेपद एकदा तरी मिळावं एवढंच त्यांना हवं होतं. त्याने पगार वाढणार नव्हता की बढती मिळणार नव्हती. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, ‘सर, आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं. हे एक काम मी माझ्या मनानं सुरू केलंय. ते पुरं व्हावं.’

दरम्यान माझ्या कानात काहीतरी होत होतं. चेंडू बदलला होता. पूर्वीच्या सेल्युलॉइडच्या चेंडूंऐवजी प्लास्टिकचे आले आणि आवाज मेल्यासारखा झाला. सगळेच पंच तशी तक्रार करत होते, म्हणून मीही नव्या चेंडूला नावं ठेवली. घरी बायको म्हणायची, ‘तीन शिट्ट्या झाल्यावर कुकर बंद करा म्हटलं होतं, सहा झाल्या.’ मी म्हणायचो, लक्ष नव्हतं. चेंडू बदलला आणि लक्ष नव्हतं, या दोन सबबींवर मी काही वर्षं काढली.

मंदाताईंच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षी स्पर्धा नाशिकला होती. पुढच्या हिवाळ्याआधी त्या निवृत्त होणार, आणि निवृत्तांना या स्पर्धेत जागा नाही. त्या अंतिम फेरीत आल्या. समोर नंदुरबारची रोशनी, पंचविशीतली तलाठी, पाय हरणाचे. दुपारची वेळ होती. हॉल गच्च भरला होता, पण मला तो सामना सगळा संथ आठवतो. पडद्यातून आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायाशी आला होता, आणि मंदाताई त्या पट्ट्यात शिरत होत्या, बाहेर येत होत्या. दोन-दोन गेम झाले. पाचव्या गेममध्ये नऊ-नऊ. मग रोशनीने एक पॉइंट घेतला. सर्व्हिस मंदाताईंची. मी म्हणालो, ‘नऊ-दहा.’

मंदाताईंनी सर्व्हिस केली. रोशनीने त्यांना उजवीकडे खेचलं, आणखी खेचलं, इतकं की त्या टेबल सोडून बाकांपाशी गेल्या. तिथून त्यांनी तो वाकडा फटका मारला. चेंडू बाहेरून वळत आला, पलीकडच्या बाजूला टेबलाला घासला आणि खाली गेला. रोशनी धावली, पण तिला पोचता आलं नाही. मैदानावर रस्सीखेच चालली होती, तिचा आरडाओरडा खिडकीतून येत होता. रोशनीने मान हलवली, तिला काही दिसलं नव्हतं. मंदाताई बाकांपाशी तशाच उभ्या. दोघींनी माझ्याकडे बघितलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

कोरडा नाही, बसका नाही, कसलाच आवाज नाही. चेंडू टेबलाला घासताना दिसला तो दूरदर्शनचा आवाज बंद करून बघावं तसा. लेट म्हणायला एक क्षण पुरला असता. बाहेरचा गोंगाट होता, कोणी मला बोल लावला नसता. पण कानवाले सर ‘मला ऐकू आलं नाही’ असं म्हणणार होते का? मी मनातल्या मनात हिशेब केला की एज असता तर कोरडा आवाज आलाच असता, ज्याअर्थी आला नाही त्याअर्थी साइड. आणि रोशनीच्या बाजूचा हात वर केला. ‘साइड. अकरा-नऊ.’

मंदाताईंनी वाद घातला नाही. त्या रोशनीशी हात मिळवून माझ्यापाशी आल्या. चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता. म्हणाल्या, ‘सर, मला वाटलं लागला. माझ्या हाताला तसं जाणवलं. पण तुम्ही ऐकलं ना?’

मी म्हणालो, ‘स्वच्छ ऐकलं.’

‘मग झालं,’ त्या म्हणाल्या, आणि बॅट पिशवीत घालून गेल्या.

‘स्वच्छ’ हा शब्द मी का घातला? नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी खोटंच होतं, पण थोडं कमी.

त्या वर्षानंतर मी बायकोचं ऐकून कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी कितीतरी वेळ बटण हातात धरून बसलो होतो. मला वाटलं तपासणी अजून सुरूच झाली नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ‘काका, उंच पट्टीचे आवाज गेलेत तुमचे. हे आत्ताचं नाही, पाच-सहा वर्षं तरी झाली असतील.’ घरी येऊन मी त्या पाच-सहा वर्षांतले सामने आठवत बसलो. किती जणांना मी ऐकून निकाल दिला होता आणि किती जण ‘मग झालं’ म्हणून गेले होते? पंचाचा बिल्ला मी कपाटात ठेवला. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

मंदाताईंचं मात्र मनातून जाईना. दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी सिन्नरच्या जीपमध्ये बसलो. थंडी होती, काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या, शेजारी कांद्याची रोपं घेऊन निघालेला एक शेतकरी पेंगत होता. सगळ्या वाटेने मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक थांब्याला ती विसरत होतो.

मंदाताईंचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. दारातच त्यांचे यजमान भेटले. मंदाताई शेडमध्ये होत्या. पत्र्याच्या त्या शेडमध्ये कचेरीतलं ते जुनं टेबल होतं. कचेरीने मोडीत काढलं तेव्हा त्यांनी ते घरी आणलं होतं. आखूड पायाखाली वीट होती. वस्तीतल्या दोन बायका पदर खोचून खेळत होत्या. मला बघून मंदाताईंना इतका आनंद झाला की माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. त्या बायकांना सांगायला लागल्या, ‘हे ते कानवाले सर. फायनलला माझा बॉल एवढासा खाली लागला, तर ह्यांनी तिकडून ऐकला. आपल्याला नखाएवढी चूकसुद्धा सुटत नसती.’

बायका गेल्यावर मी म्हणालो, ‘मंदाताई, तो चेंडू मी ऐकला नव्हता.’

त्या हातातली बॅट पुसत होत्या. पुसणं थांबलं.

‘एज होता का साइड, मला माहीत नाही. मला तेव्हा ऐकूच येत नव्हतं.’ मी केस बाजूला करून कानातलं यंत्र दाखवलं. ‘स्वच्छ ऐकलं म्हणालो ते खोटं होतं.’

पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, यंत्रातून त्यांचा आवाज खिळे पडावेत तसा येत होता.

‘लेट म्हणायचं होतं, सर,’ त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ‘दुसरं काय नाय. लेट म्हणायचं. आमच्या जिल्ह्याचे सगळे म्हणत होते, सानपबाई, तक्रार करा. मी त्यांच्याशी भांडले. म्हणलं, सरांनी ऐकलंय, तुम्ही कोण? तीन वर्षं मी तो बॉल खाली लागला म्हणून गप झोपले. आता तो परत टेबलावर आला.’

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली, पण ‘असू द्या’ म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाल्या असत्या तर मला ते पटलं नसतं. मी उठायला लागलो.

‘कुठं निघाले?’ त्या म्हणाल्या. ‘लेट हाय ना? मग पॉइंट परत होणार. बसा त्या खुर्चीत.’ आणि दाराकडे बघून हाक मारली, ‘अहो, या जरा इकडं. बॅट घ्या.’

यजमान आले. उलथनं धरावं तशी त्यांनी बॅट धरली. ‘मला कुठं येतं?’

‘नुसतं उभं राहा. तुम्ही नंदुरबारच्या.’

मी जाळीशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. घसा साफ केला. ‘लेट,’ मी म्हणालो. तो शब्द तोंडातून निघताना जड गेला. मग म्हणालो, ‘नऊ-दहा.’

मंदाताईंनी चेंडू तळहातावर ठेवला. तीन वर्षांत त्यांचे केस पार पांढरे झाले होते. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, हॉलमध्ये राहायच्या तशा, आणि मला शेड, पत्रे, चिमण्या काही दिसेना. समोर यजमान श्वास रोखून वाकले होते. मंदाताईंनी चेंडू उडवला आणि सर्व्हिस केली.

चेंडू त्यांच्या बाजूला एक टप्पा पडला आणि जाळीत गेला. जाळीत गेलेल्या चेंडूचा आवाज होत नाही, तो बघावाच लागतो. मी बघितला. इतक्या वर्षांत मंदाताईंची सर्व्हिस जाळीत गेलेली मला आठवत नाही. नुसता अंदाज चुकला की आणखी काही झालं, ते मी विचारलं नाही. यजमानांच्या बाजूचा हात वर केला आणि म्हणालो, ‘अकरा-नऊ.’

‘म्हणजे मी जिंकलो?’ यजमानांनी विचारलं.

‘जिंकलात,’ मंदाताई म्हणाल्या. त्यांनी जाळीपाशी येऊन चेंडू उचलला आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. ‘त्या दिवशी तुम्ही मला हरवलं होतं, सर. आज माझी मी हरले. हे मला चालतं.’

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो.